औषधाला नऊ, कारभाराला चार: सोरायसिसच्या इंजेक्शनचा माझा हिशोब

सेक्युकिनुमॅब नावाच्या इंजेक्शनला मी दहापैकी नऊ गुण देते. ते सुरू करण्यासाठी, घरी नीट सांभाळण्यासाठी आणि त्याचे पैसे उभे करण्यासाठी जो कारभार करावा लागतो, त्याला चार. दोन्ही हिशोब वेगळे मांडतेय, कारण दवाखान्यात मिळणाऱ्या गुळगुळीत पत्रकात फक्त पहिला असतो. दुसरा वेटिंग रूमच्या बाकावर बसल्यावर कळतो.

मी कराडची, एका सहकारी बँकेत कॅशला बसते. काउंटरच्या काचेखालून गिऱ्हाइकाला माझं तोंड नंतर दिसतं, हात आधी. त्या हातांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर, कंबरेला आणि डोक्यात सोरायसिस. नोटा मोजून दिल्या की काउंटरवर पांढरा कोंडा पडलेला असायचा आणि एखादी बाई नोटा पदराच्या टोकाने उचलायची. हा संसर्गजन्य आजार नाही, माझ्या नोटेला हात लावून कुणाला काही होत नाही, हे सांगून सांगून मी दमले होते. काळं ब्लाउज कपाटातून बाद झालं होतं आणि उन्हाळ्यात लांब बाह्या ठरलेल्या.

आधीचे उपाय भरभर सांगते. मलमं सगळी झाली. कोळशाच्या डांबराचं मलम तर असं, की उशीचे अभ्रे आजही तपकिरी आहेत. मशीनमध्ये उभं राहून घ्यायची यूव्हीबी फोटोथेरपी चांगली लागू पडली, पण आठवड्यातून तीनदा दुपारी बँकेतून कोण सोडणार? मग मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, सोबत फॉलिक ॲसिड. दोनेक वर्षं बरी गेली. नंतर गोळीच्या दुसऱ्या दिवशीची मळमळ असह्य व्हायला लागली आणि यकृताचे रिपोर्ट चढले. मधल्या काळात जाऊबाईंनी कुठूनशा पुड्या आणून दिल्या होत्या, ‘मुळापासून बरं करतात’ म्हणून. डॉक्टर मॅडमनी त्या बघितल्या आणि विचारलं, “ताई, यात स्टिरॉइड नाही याची खात्री कोण देणार?” पोटातून घेतलेलं स्टिरॉइड अचानक बंद झालं की सोरायसिस उसळून अंगभर पसरू शकतो, पूसुद्धा धरू शकतो. पुड्या कचऱ्यात गेल्या. जाऊबाई अजून थोड्या रुसलेल्या आहेत.

इंजेक्शनचा विषय निघाला तो बोटांमुळे. सकाळी मूठ वळेना, नोटांचं बंडल धरताना बोटाचं टोकाचं पेर ठणकायचं. सोरायसिसच्या बऱ्याच रुग्णांना पुढे सांध्यांचाही त्रास होतो आणि सांधा एकदा झिजला की तो परत मिळत नाही. म्हणून कराडच्या डॉक्टरांनी मला कोल्हापूरला पाठवलं.

तिथे आधी मोजमाप. अंगाचा किती भाग व्यापलाय, चट्टे किती लाल, किती जाड, पापुद्रे किती, यावरून ‘पासी’ नावाचा आकडा काढतात. तो ० ते ७२ असतो आणि दहाच्या वर गेला की आजार हलका मानत नाहीत. मग जगण्यावर किती परिणाम झालाय याची दहा प्रश्नांची प्रश्नावली, डीएलक्यूआय. १९९४ मध्ये वेल्समधल्या कार्डिफच्या डॉक्टरांनी बनवलेली, आणि ते कळतंही. एका प्रश्नात विचारलंय की त्वचेमुळे खरेदी, घरकाम किंवा बागकामात अडचण आली का. आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात बाग म्हणजे खिडकीतली तुळस. हळदीकुंकवाला जाणं टाळलं का, हे मात्र कुणी विचारलं नाही. तरी आपण काय काय करायचं सोडून दिलंय, हे त्या प्रश्नांमुळेच पहिल्यांदा एका कागदावर दिसलं. कुणी हा फॉर्म दिला तर उरकायचा म्हणून भरू नका.

औषध करतं काय, हे मॅडमनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. त्वचेची नवी पेशी खालून वर यायला एरवी महिनाभर घेते. सोरायसिसमध्ये तेच काम आठवड्याच्या आत उरकतं, म्हणून पापुद्र्यांवर पापुद्रे साचतात. ही घाई करायला लावणाऱ्या रासायनिक निरोपांपैकी एक मोठा निरोप म्हणजे इंटरल्युकिन-१७ए, थोडक्यात आयएल-१७. सेक्युकिनुमॅब ही प्रयोगशाळेत तयार केलेली अँटिबॉडी आहे, ती नेमका हाच निरोप पकडून ठेवते. मेथोट्रेक्सेट म्हणजे सगळा काउंटरच अर्धा बंद ठेवणं, आणि हे इंजेक्शन म्हणजे एका चेकवर स्टॉप पेमेंट. बाकीची प्रतिकारशक्ती चालू राहते, पण त्या एका चेकवर अवलंबून असलेली चांगली कामंही थांबतात. त्याबद्दल पुढे येतंच.

हे औषध अमेरिकेत सोरायसिससाठी २०१५ च्या जानेवारीत मंजूर झालं. परदेशात त्याचं नाव कोसेंटिक्स आहे, कंपनी नोव्हार्टिस.

पण पहिली सुई टोचायच्या आधीच माझे कित्येक आठवडे गेले, आणि माझ्या मते या सगळ्या उपचाराचा खरा भाग तोच आहे. रक्ताच्या तपासण्या, यकृत, मूत्रपिंड, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे. एचआयव्हीच्या चिठ्ठीवर लॅबमधल्या मुलाने माझ्याकडे जे पाहिलं, ते त्याने पाहायला नको होतं. ही तपासणी सगळ्यांचीच करतात, तेव्हा संकोचू नका. आणि सर्वांत महत्त्वाची, टीबीची.

जगातले साधारण चौथा हिस्सा टीबीचे रुग्ण आपल्या देशात आहेत. त्यामुळे अमेरिकेतल्या व्हिडिओत जी गोष्ट अर्ध्या वाक्यात उरकतात, तिच्यावर आपल्याकडे अख्खी भेट खर्च होते. मॅडमनी विचारलं, घरात कुणाला टीबी झाला होता का? माझ्या वडिलांना झाला होता, मी शाळेत असताना. मग इग्रा नावाची रक्ताची तपासणी केली. हातावर टोचायची जी मँटू टेस्ट असते ती लहानपणीच्या बीसीजीच्या लसीमुळे फसू शकते, इग्रा त्या लसीने फसत नाही. माझी पॉझिटिव्ह आली. पाय गळाले होते. पण खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही, छाती स्वच्छ. म्हणजे टीबीचा आजार नव्हता. जंतू शरीरात कुठेतरी निजलेले होते, बहुधा लहानपणापासून.

असे जंतू जागे होऊ नयेत म्हणून आयसोनियाझिड रोज सहा महिने, सोबत बी-६ ची गोळी, आणि इंजेक्शन पहिला महिना झाल्यावर. (आता आठवड्यातून एकदा घ्यायचा १२ डोसांचा कोर्सही मिळतो, ते डॉक्टर ठरवतील.) ॲडॅलिमुमॅब हे सोरायसिसचं दुसरं इंजेक्शन न देता सेक्युकिनुमॅब देण्याचं एक कारणही हेच. ॲडॅलिमुमॅब टीएनएफ नावाचा निरोप अडवतं, आणि निजलेल्या टीबीच्या जंतूंभोवती शरीराने जी भिंत बांधलेली असते ती उभी ठेवायला टीएनएफ लागतो. आयएल-१७ अडवणाऱ्या औषधांत हा धोका बराच कमी आहे. एखाद्या दवाखान्यात टीबीची तपासणी न करता “आजच घेऊन टाका” म्हणाले, तर तिथून उठा.

आता डोस. सेक्युकिनुमॅब मोठ्या माणसाला एका वेळी ३०० मिलिग्रॅम देतात, म्हणजे बहुधा दीडशेच्या दोन सुया. सुरुवातीला दर आठवड्याला एक डोस, असे पाच, आणि नंतर महिन्यातून एक. पहिल्या महिन्यातच दहा सुया आणि दहा सुयांचं बिल. सुया पोटावर किंवा मांडीवर, कातडीखालच्या चरबीत. बेंबीच्या आजूबाजूची दोन इंच जागा सोडून, आणि चट्ट्यावर कधीच नाही. दुखतं का? इन्सुलिन घेणाऱ्यांना विचारा, त्याहून थोडं जास्त. थंडगार औषध तसंच टोचलं की चरचरतं, अर्धा तास बाहेर काढून ठेवलं की सुसह्य होतं. तेव्हा ते कोमट पाण्यात किंवा उन्हात ठेवायचं नसतं. आमच्याकडे गॅसजवळ ठेवायची सूचना आली होती. सूचना करणारे आमचे मिस्टर.

फरक खाजेपासून दिसला. दुसऱ्या डोसनंतर रात्री झोप लागली, सलग. मग कोंडा थांबला, आणि महिना संपेस्तोवर कोपरांवरची जाड खपली पातळ होऊन गुलाबी डाग उरला. माझ्या आनंदावर विश्वास ठेवायचा नसेल तर छापील आकडे देते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी पासी ७५ टक्के किंवा अधिक उतरलेले रुग्ण १२ आठवड्यांनी एकीत सुमारे ८२ टक्के होते, दुसरीत ७७ टक्के. औषध नसलेली सुई घेतलेल्यांत पाच टक्क्यांच्या आत. एटॅनर्सेप्ट हे जुनं इंजेक्शन घेणाऱ्यांत ४४ टक्के. थोडक्यात, शंभरातल्या वीसेक जणांना एवढा गुण आला नाही, आणि तुम्ही त्या वीसांतले निघालात तर त्यात तुमच्या पथ्याचा दोष नसतो. तेव्हा दुसरं औषध बघायचं.

पण ‘चट्टे गेले’ म्हणजे काय, हेही सांगायला हवं. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर चट्टा गेला तरी जागा काळपट राहते, काही ठिकाणी पांढुरकी. पत्रकातले पाय लख्ख गोरे असतात, त्यांच्यावर हे दिसतही नसावं. माझ्या पोटऱ्यांवरचे काळे डाग फिके व्हायला वर्ष गेलं. हात लावला तर कातडी गुळगुळीत, त्यामुळे तो आजार नव्हे, आजाराच्या खुणा. सासूबाईंना हे पटवणं अवघड गेलं. त्या म्हणायच्या, “एवढे पैसे घालून डाग तसेच?” नखं सगळ्यात सावकाश सुधारली, कारण नवं नख खालूनच वाढावं लागतं. बोटांचा ठणका मात्र नखांच्या कितीतरी आधी उतरला. माझ्यासाठी तेवढ्यानेच निम्मे पैसे वसूल झाले.

आता तो दहावा गुण का कापला. आयएल-१७ हा निरोप शरीर बुरशीला आवर घालायलाही वापरतं. तो अडवला की तोंडात, जांघेत बुरशी धरू शकते. मला एकदा जिभेवर पांढरा थर आला आणि चहासुद्धा झोंबायला लागला. क्लोट्रिमॅझोलचे थेंब लावून गेला. सर्दी-घसा आधीपेक्षा जास्त होतो. ताप किंवा कुठलाही संसर्ग अंगात असताना डोस पुढे ढकलतात. मॅडम दर भेटीत पोटाचं विचारतात, सतत जुलाब, शौचात रक्त वगैरे, कारण ज्यांना आतड्याच्या दाहाचा आजार आहे त्यांचा तो या औषधाने बळावू शकतो. घरात कुणाला क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल तर ते आधीच सांगा. जिवंत जंतूंच्या लसी या काळात घेत नाहीत. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी चालतात, मी दोन्ही घेतल्या. लग्न ठरलेल्या आणि मूल हवं असलेल्या मुलींनी तर पहिल्याच भेटीत लाज सोडून विचारावं, कारण कोणतं इंजेक्शन निवडायचं हेच त्यावरून बदलू शकतं.

आणि हा आजार मुळापासून जात नाही. मागच्या वर्षी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस थांबवला होता. दोन-अडीच महिन्यांत कोपरं बोलायला लागली. पुन्हा सुरू केल्यावर आवरलं, पण पहिल्या वेळेइतकं झटपट नाही. “कातडी स्वच्छ झाली, आता कशाला टोचून घेतेस?” असं घरात विचारणारे निघतातच. त्यांना मी म्हणते, बीपीची गोळीही बीपी नॉर्मल आल्यावर थांबवत नाहीत.

वेटिंग रूममध्ये भेटलेल्या लोकांकडून दुसऱ्या इंजेक्शनांचं कळलं. इस्लामपूरकडचे एक काका ॲडॅलिमुमॅब घेतात: पहिल्यांदा ८० मिलिग्रॅम, आठवड्याने ४०, मग एक आड एक आठवडा ४०. घरी स्वतःच टोचतात. त्यांचा खर्च माझ्यापेक्षा कमी, कारण त्याची मूळ औषधाशी मिळतीजुळती भारतीय आवृत्ती मिळते. अहमदाबादच्या झायडसने २०१४ च्या डिसेंबरात अशी जगातली पहिली आवृत्ती आणली होती. पण काकांना दोन वर्षांनी गुण उतरल्यासारखा वाटतो. शरीर कधी कधी औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार करतं, त्यातला प्रकार असावा असं त्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं. एका शिक्षिका ताईंना उस्टेकिनुमॅब चालू होतं, सुरुवातीच्या दोन डोसांनंतर दर १२ आठवड्यांनी एक. गुसेलकुमॅब दर आठ आठवड्यांनी असतं. ज्यांना महिन्याच्या महिन्याला कोल्हापूर गाठणं जमत नाही, त्यांनी डॉक्टरांशी हे अंतराचं गणित जरूर मांडावं. फक्त चाचणीत कोण पहिलं आलं, एवढ्यावर निवड करू नका.

कारभाराच्या कापलेल्या सहा गुणांतले दोन तर फ्रिजनेच खाल्ले. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं. फ्रीझरमध्ये ठेवून गोठलं तर फेकून द्यायचं, वितळवून वापरायचं नाही. दारातल्या कप्प्यातही नको, दार उघडझाप होतं. मी मधल्या खणात डब्यात ठेवते आणि डब्यावर ‘औषध, हात लावू नये’ असं लिहिलंय, तरी त्यावर कोथिंबीर ठेवलेली सापडते. उन्हाळ्यात वीज गेली की जीव खालीवर. एका केमिस्टने पहिल्यांदा खोका साध्या कॅरीबॅगेत घालून हातात दिला, बर्फ नाही की जेलपॅक नाही, आणि वर म्हणाला, “तासाभराचा तर रस्ता आहे.” मी काउंटरवरच परत केला आणि दुसरं दुकान धरलं. आता थर्मासची पिशवी, आत जेलपॅक, पण खोका जेलपॅकला थेट टेकवायचा नाही, मध्ये रुमाल. एसटीत ती मांडीवर घेऊन बसते. कंडक्टरने एकदा विचारलं, मासे का? कुपीतली पूड असो की भरलेली सिरिंज, नियम एकच: गार ठेवा, गोठवू नका, उजेडापासून लांब.

पैशांचं बोलते. रक्कम लिहीत नाही, कारण ती दुकानागणिक आणि कंपनीच्या योजनेगणिक बदलते. एवढंच सांगते की पहिल्या महिन्याचं बिल माझ्या पगारात बसलं नाही, ठेव मोडावी लागली. औषध लिहून झाल्यावर ‘रुग्णांसाठी कंपनीची योजना आहे का’ हे तोंड उघडून विचारा. मला ते डॉक्टरांनी नव्हे, रिसेप्शनच्या मुलीने सांगितलं.

मेडिक्लेम हा वेगळाच तमाशा. माझ्या विमा कंपनीने पहिला क्लेम ‘ओपीडी उपचार’ म्हणून परत पाठवला. बँकेत बसून परिपत्रकं वाचायची सवय असल्याने मी शोधलं. विमा नियामक आयआरडीएआयने सप्टेंबर २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी काढली, तिच्यात ‘इंजेक्शनने दिली जाणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी’ सरळ शब्दांत आहे, आणि सेक्युकिनुमॅब त्याच प्रकारातलं. पण अट अशी, की उपचार रुग्णालयात दाखल होऊन किंवा डे-केअरमध्ये व्हावा, आणि कंपनीला त्यावर उपमर्यादा, म्हणजे त्या उपचारापुरती वेगळी कमाल रक्कम, घालता येते. म्हणजे सुई पाच मिनिटांची, पण पैसे हवेत तर कागदोपत्री डे-केअर हवं. पुढचे डोस मी तसे घेतले. डॉक्टरांचं पत्र जोडलं, त्यात आधीच्या औषधांची नावं, ती कधी आणि का थांबली, पासीचा आकडा, आणि कुपीच्या खोक्यावरचा बॅच नंबराचा स्टिकर. दुसरा नकार आल्यावर कंपनीच्याच तक्रार विभागाला लिहिलं, आणि महिन्याभरात उत्तर आलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार असं त्याच पत्रात नमूद केलं. त्यानंतर काही भाग मंजूर झाला. पूर्ण नाही.

जूनमध्ये पॉलिसीचं नूतनीकरण आहे. या वेळी मोनोक्लोनल अँटिबॉडीपुढे उपमर्यादा किती लिहिलीय ते बघणार आहे, आणि ती वर्षाच्या चार डोसांनाही पुरत नसेल तर पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करण्याचा अर्ज मुदतीच्या ४५ दिवस आधी टाकणार आहे.